कॅलगरी ते नांदेड, पंधरा तास

कॅनडातल्या कॅलगरी शहराच्या विमानतळापासून आपल्या नांदेडच्या विमानतळापर्यंतचं अंतर बारा हजार किलोमीटरच्या थोडं वर आहे आणि उड्डाणाला पंधरा तास लागतात. ही माहिती खोटी नाही. तिच्यापायी माझ्या आजोळी तीन डोकी फुटली, एका बैलाचं शिंग मुळापासून उखडलं, माझ्या दोन बरगड्या मोडल्या आणि मामांच्या गालाची कातडी वेशीतल्या फरशीवर राहिली. भूगोल हा निरुपद्रवी विषय आहे असा सर्वसाधारण समज असतो. मी परभणीतल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. भूगोलाच्या कपाटावर साचलेली धूळ पाहता माझाही तोच समज होता.

आजोळ बोरीपासून आत, डांबर संपल्यावर आणखी थोडं. गावात मोठी भावकी एकच आणि तिची दोन घरं, थोरलं आणि धाकटं. थोरल्या घराचे कर्ते माझे मामा. धाकट्या घराचे कर्ते त्यांचे चुलतभाऊ, ज्यांना सगळं गाव आप्पा म्हणतं. दोघंही सत्तरीच्या घरातले. बांध, विहीर, सोसायटी, मंदिराचा भोंगा अशा सगळ्या विषयांवर त्यांची भांडणं होऊन गेली होती. काही कोर्टात मिटली, काही कंटाळ्याने. उरलं होतं एकच, पोळ्याचा मान.

मान म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगताना मला नेहमी अडचण येते, कारण सांगून झाल्यावर तो ‘बरं, आणि पुढं?’ असं विचारतो. पोळ्याच्या दुपारी गावातले सगळे बैल सजून वेशीबाहेर उभे राहतात. वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असतं. गुरुजी बैलांची मंगलाष्टकं म्हणतात. मग थोरल्या घराचा बैल पहिला आत जातो, त्याच्या शिंगाने तोरण तुटतं आणि बाकीचे मागून मारुतीकडे निघतात. झालं. पुढं काही नाही. मात्र त्या पहिल्या बैलाचा कासरा थोरल्या घरात जन्मलेल्या पुरुषाच्याच हातात असला पाहिजे. गडी चालत नाही, जावई चालत नाही, भाचा चालत नाही.

बैल मात्र कुणाचाही चालतो. मामांच्या गोठ्यात कित्येक वर्षांपासून ट्रॅक्टर उभा आहे. पोळ्यापुरती जोडी ते वालूरच्या एका ओळखीच्या माणसाकडून आणतात. आप्पांकडे घरची लाल कंधारी जोडी आहे, अंगावर तेल ओतल्यासारखी चमकणारी. ती जोडी दरवर्षी वालूरच्या पाहुण्या बैलांच्या मागून चालते. आप्पांना काय वाटत असेल ते मला समजत असे. मामांच्या देखत समजत नसे, एवढंच.

भाच्याचा विषय निघालाच आहे तर तेही सांगून टाकतो. आमच्याकडे भाच्याला मारत नाहीत. मारणाऱ्याचे हात म्हातारपणी लटलट कापतात, असं मानतात. गावच्या लेकीचा मुलगा तो सगळ्या गावाचाच भाचा, त्यामुळे माझं लहानपण अत्यंत सुरक्षित गेलं. एकदाच, मी कापसाच्या गंजीला आग लावली तेव्हा, मामांनी मला उजव्या हाताने बदडलं होतं. गेल्या हिवाळ्यात मामांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात खांद्यापासून लुळा पडला. डॉक्टरांनी रक्तदाबाचं कारण सांगितलं. गावाने माझ्याकडे पाहिलं.

हात गेला आणि मानाचा प्रश्न उभा राहिला. मामांना एकच मुलगा. तो कॅलगरीत नोकरीला, आणि गेल्या सहा वर्षांत एकदाही आलेला नव्हता.

पोळ्याच्या आधी पाच दिवस मारुतीच्या पारावर पंच बसले. मी सुट्टी काढून आलो होतो आणि मामांच्या शेजारी होतो. पंचांपैकी एकाला डुलकी लागली होती. आप्पांनी विषय काढला.

“दादा, तुमच्या हातात आता चहाची बशी ऱ्हाईना. कासरा कसा ऱ्हाईल?”

“माझा पोरगा येईल,” मामा म्हणाले.

“कवा? सा वर्सं झाली, येईल येईलच म्हणायलात.”

“येईल म्हणलं ना. लांब हाय ते. तालुक्याला जाऊन येयाचंय का?”

‘लांब आहे’ हे मामांचं सहा वर्षांचं उत्तर होतं आणि सहा वर्षं ते पुरलं होतं. लग्नात, बारशाला, मामींच्या ऑपरेशनच्या वेळी, कुणी विचारलं की मामा म्हणत, लांब आहे. किती लांब, हे कुणी विचारत नसे. लांब म्हणजे लांब. गंगाखेडच्या पुढं आमच्या गावाला सगळंच लांब.

आप्पांचा मुलगा तिशीतला. हातात सदा मोबाइल. तो म्हणाला, “थांबा की, बगू किती लांब हाय ते.”

दोन विमानतळांची नावं टाकली की अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणारी पानं इंटरनेटवर असतात. त्याने एका बाजूला कॅलगरी टाकलं आणि दुसऱ्या बाजूला, आपल्याला जवळचं म्हणून, नांदेड. पानाने तक्रार केली नाही. नकाशा उघडला, त्यावर एक निळी रेघ कॅनडातून वर चढली, उत्तर ध्रुवाजवळून वळली आणि रशियावरून सरळ खाली नांदेडात उतरली. त्याने आकडे रेडिओवरच्या बातम्यांसारखे वाचून दाखवले. पंधरा तास म्हटल्यावर डुलकी लागलेले पंच जागे होऊन म्हणाले,

“पंधरा? माझा साडू दिवाळीत पुण्याहून निघाला तर त्याला याच्यापेक्षा जास्ती लागले.”

“मंग सांगतो काय. सकाळी जेवून निगायचं, पहाटं नांदेडात,” आप्पांचा मुलगा म्हणाला.

लोक हसले. आप्पाही हसले. तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण मुलाने मोबाइल मामांच्या तोंडासमोर धरला आणि आवाज खाली आणून, जवळजवळ मायेने म्हणाला, “लांब न्हाई ओ काका. बगा तुमीच. यायचंच न्हाई त्याला.”

मामांची काठी डाव्या हातात होती. डाव्या हाताचा नेम चुकतो अशी माझी समजूत होती. काठी त्याच्या ओठांवर आडवी बसली. आवाज सुपारी फुटल्यासारखा झाला. तो मागं पडला नाही, नुसता वाकला, आणि त्याचा पुढचा दात मोबाइलच्या काचेवर पडला, उत्तर ध्रुवाच्या जरा अलीकडे. मग रक्त आलं आणि सगळा नकाशा झाकला गेला.

आप्पा उठून मामांच्या अंगावर गेले. गळा धरला. मामांनी डोक्याने त्यांच्या नाकावर धडक मारली. दोन सत्तरीचे गृहस्थ पारावरून खाली मातीत पडले आणि एकमेकांच्या कानांना, मिशांना, सापडेल त्याला लोंबकळू लागले. सोडवायला गेलेल्या माणसाच्या हाताला कुणीतरी चावलं. कोण, हे शेवटपर्यंत ठरलं नाही, कारण त्या दोघांत मिळून दातच फार नव्हते.

सगळे धापा टाकत बसल्यावर, वाचनाचा काहीतरी उपयोग व्हावा म्हणून मी समजावून सांगायला गेलो. म्हणालो, असं विमान मुळात नाहीच. कॅलगरीहून नांदेडला कुणी थेट येत नाही. हे नुसतं गणित आहे, दोन टोकं जोडून केलेलं. इथं उतरायचं, तिथं थांबायचं, हैदराबादला यायचं, मग रेल्वे, हे त्यात नाही.

“भाचे, विमान नसंल तर येळ कशाला लिवतील?” पंच म्हणाले. “यष्टी नसली तर फलकावर येळ असतो का?”

“असतो की,” मी म्हणालो. आमच्या गावच्या मुक्कामी गाडीची वेळ बोरीच्या स्टँडवर अजून रंगवलेली आहे, गाडी बंद होऊन जमाना झाला.

पण त्यांनी याचा अर्थ उलटा घेतला. म्हणजे गाडी होती तर. म्हणजे विमानही असणार. पंचांनी निकाल दिला. पोळ्याच्या दिवशी मंगलाष्टकं संपायच्या आत मुलगा वेशीत कासरा धरून उभा पाहिजे. नसेल तर मान धाकट्या घराचा, कायमचा. पंधरा तासांच्या वाटेला पाच दिवस दिले म्हणून पंचांना स्वतःच्याच दिलदारीचं कौतुक वाटलेलं दिसलं.

मामा घरात गेले, मोबाइल घेऊन आतल्या खोलीत गेले आणि दार लावलं. थोड्या वेळाने बाहेर आले. नाकाखाली रक्त वाळलेलं होतं, ते आप्पांचं.

“निघतो म्हणला,” ते म्हणाले. “पोळ्याच्या आदल्या दिसाच्या विमानानं.”

मामी पदराने तोंड पुसत चुलीकडे वळल्या. मी विचारलं, “मामा, तिकीट कुठपर्यंतचं काढलंय? हैदराबाद की मुंबई?”

“नांदेड,” मामा म्हणाले, आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचा प्रश्न गिळला.

त्यानंतरची तयारी पाहण्यासारखी होती. वेशीत फ्लेक्स लागला. मामांच्या मुलाचा दहावीचा फोटो मोठा केल्यामुळे तो घाबरलेला दिसत होता. खाली ‘हार्दिक स्वागत’, आणि मागं ढगांतून येणारं विमान. नीट पाहिलं तर ते लढाऊ विमान होतं, पंखांखाली बॉम्ब लटकलेले. पोळ्याच्या पहाटे एक जीप हार, फेटा आणि दोन हलगीवाले घेऊन नांदेडच्या विमानतळाकडे रवाना झाली. आप्पांच्या मुलाचा ओठ वांग्यासारखा सुजला होता. तो ओट्यावर बसून शिवळा घासत होता. शिवळ म्हणजे जूच्या टोकाला बैलाची मान अडकवायची लाकडी खुंटी, हातभर लांब. पोळ्याच्या दिवशी कुणी बैल जुंपत नाही. शिवळा घासायचं कारण मला तेव्हा कळलं नाही.

दुपारी वेशीबाहेर बैल लागले. ऊन ओलं होतं, रात्री पाऊस झालेला. शिंगांना हिंगूळ, कपाळावर बाशिंग, पाठीवर आरशांच्या झुली. ते आरसे एकमेकांच्या डोळ्यांत ऊन फेकत होते आणि बैल माना झटकत होते. वालूरची जोडी पुढं. तिच्यातल्या मानाच्या बैलाचा कासरा तात्पुरता गड्याच्या हातात. आप्पांची लाल जोडी दोन पावलं मागं. मामा फेटा बांधून, लुळा हात उपरण्यात अडकवून, रस्त्याकडे पाहत उभे.

गुरुजींनी मंगलाष्टकं सुरू केली. ‘शुभमंगल सावधान’ झालं, अक्षता पडल्या. गुरुजींनी मामांकडे पाहिलं आणि परत पहिल्यापासून सुरू केलं. तीही संपली. तिसऱ्यांदा सुरू केली तेव्हा बैलांनी शेण टाकायला सुरुवात केली आणि आप्पा ओरडले, “आता काय बैलायला पोरं होईपातूर मंगलाष्टकं म्हणता का?”

तेवढ्यात जीपचा हॉर्न वाजला. सगळ्या माना तिकडे वळल्या. जीपमधल्या हलगीवाल्यांनी सवयीने हलगी कडाडायला सुरुवात केली. जीप थांबली. ड्रायव्हर उतरला. हार त्याच्या हातात तसाच होता, फक्त सुकलेला.

“काय झालं रे?”

“फाटक लावलेलं व्हतं. शिपाई म्हणला, कॅनडाचं विमान इथं येत न्हाई. आलं तर मलाबी सांगा म्हणला, बगायचंय.”

हलगी थांबली. आप्पांचा मुलगा सुजल्या ओठाने ओरडला, “काका, टायर फुटला का विमानाचा?”

मामांनी गड्याच्या हातातला कासरा ओढून घेतला, डाव्या मनगटाला दोन वेढे दिले आणि टोक दातांनी ओढून गाठ मारली.

“थोरल्या घरचा मी हाय,” ते म्हणाले. “जित्ता हाय. मंग?”

“दादा, सोडा ते,” आप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजातली गुर्मी एकदम गेली होती. “परका बैल हाय. हाताला नका बांधू.”

“तू माघं हो.”

“दादा, मी मानाचं बोलंना. हात सोडा अगोदर.”

मग कुणी कुणाला ढकललं ते मला सांगता येणार नाही. मी मधेच उभा होतो आणि तरीही सांगता येणार नाही. एवढं पाहिलं की आप्पांच्या मुलाच्या हातात शिवळ होती आणि ती मामांच्या गड्याच्या कानशिलावर बसली. गडी उभा असतानाच खाली पडला, दोर कापल्यासारखा. त्याच्या भावाने फ्लेक्सची चौकट उपटली. तिची एक पट्टी, खिळ्यांसकट, आप्पांच्या डोक्यावर उतरली आणि वर काढताना फेट्याचा तुकडा घेऊन आली. मग दोन्ही बाजूंनी बांबू निघाले. ज्याच्या हातात काही नव्हतं त्याने हलगी घेतली आणि तिच्या कडेने समोरच्याचं तोंड फोडलं. आरशांच्या झुलींवर रक्ताचे शिंतोडे उडाले. बैल पाय आपटू लागले आणि एका पायाखाली एकाचा पंजा सापडला. त्याची किंकाळी भोंग्यापेक्षा मोठी होती. गुरुजींसमोरचा माइक चालूच होता, त्यामुळे गावातल्या बायकांनाही घरबसल्या प्रत्येक शिवी स्पष्ट ऐकू गेली.

मला मात्र ओरखडासुद्धा आला नाही. बांबू वर गेलेला माणूस मला पाहून थांबायचा, “बाजूला व्हा भाचे, पाप लागंल” असं म्हणायचा आणि मी बाजूला झालो की माझ्या मागच्याला हाणायचा. ही सोय ध्यानात आल्यावर दोघं माझ्या पाठीशी दडले. मग तिसऱ्याने मला दंडाला धरून ढालीसारखं पुढं केलं आणि माझ्या काखेतून काठी चालवायला लागला. मी “थांबा, थांबा” असं म्हणत होतो. त्या गर्दीत सभ्य भाषेत बोलणारा मी एकटाच होतो आणि अर्थात माझंच कुणाला ऐकू येत नव्हतं.

कुणीतरी सुतळी बॉम्ब टाकला. तो मिरवणुकीसाठी आणलेला होता, मिरवणूक अजून निघायची होती. बैलांच्या पायांत फुटला. वालूरचा बैल उसळला आणि आप्पांच्या लाल बैलावर गेला. शिंगात शिंग अडकलं, दोन्ही बैलांनी माना फिरवल्या आणि लाल बैलाचं शिंग मुळातून निघालं. खाली गुलाबी कोंब राहिला आणि त्यातून रक्ताची चिळकांडी गुरुजींच्या सोवळ्यावर उडाली. वालूरचा बैल मोकळा झाला आणि वेशीकडे धावला. त्याच्या कासऱ्याच्या दुसऱ्या टोकाला मामा बांधलेले होते.

पहिल्या हिसक्याला ते गुडघ्यांवर आले, दुसऱ्याला पोटावर. वेशीत जुन्या दगडी फरश्या आहेत. मी बैलासमोर जाऊन हात पसरून उभा राहिलो. मघापासून अख्खं गाव मला वळसा घालून चाललं होतं, त्याची सवय झाली असावी. पण बैल वालूरचा होता. त्याला आमचं नातं माहीत असायचं कारण नव्हतं. त्याने मला छातीत घेतलं आणि वेशीच्या खांबावर फेकलं. खाली पडताना मी वर पाहिलं. तोरण तुटत होतं. आंब्याची पानं मामांवर पडत होती आणि मामा त्यांच्याखालून, गाल फरशीवर घासत, पुढं चालले होते.

त्यांना थांबवलं आप्पांनी. डोक्यातून रक्त डोळ्यांत उतरत होतं, दिसत नसावं. ते नुसते आवाजावर धावले आणि मारुतीसमोर त्या कासऱ्यावर पालथे पडले. बैलाने दोघांनाही थोडं ओढलं. आप्पा त्या बैलाला, वालूरला, मामांना आणि कॅनडाला एकामागून एक शिव्या देत होते, पण दोर सोडला नाही. शेवटी कुणीतरी विळ्याने कासरा कापला.

पोलीस आले तेव्हा दोन्ही घरांनी एकच जबाब दिला, बैल उधळले. इतकं एकमत मी त्या गावात पहिल्यांदाच पाहिलं.

परभणीच्या सरकारी दवाखान्यात मामांची आणि माझी खाट शेजारी शेजारी लागली. मामांचा डावा हात खांद्यातून निखळला होता आणि मनगट मोडलं होतं. प्लॅस्टर बोटांपर्यंत आलं. उजवा आधीच गेलेला. तोंडाची एक बाजू पट्टीखाली. मला बरगड्यांमुळे हसायला मनाई होती, आणि ती पाळणं अवघड गेलं, कारण दुसऱ्या दिवशी पंच निकाल घेऊन आले. त्यांच्यात बरीच चर्चा झाली होती म्हणे. बैलामागून फरफटत जाणं म्हणजे कासरा धरणं होतं का, हा मुद्दा होता. शेवटी असं ठरलं, की कासरा थोरल्या घरच्या पुरुषाच्या हातात होता, इतकंच नाही तर सुटता सुटत नव्हता, आणि तोरण त्याच बैलाने तोडलं. सबब मान थोरल्या घराकडेच राहिला. पंचांनी शेला आणि नारळ आणला होता. नारळ हातात द्यायचा, तर मामांना हात नव्हता. पंचांनी तो त्यांच्या पोटावर ठेवला. मामा श्वास घेत तसा नारळ वर-खाली होत होता. पंच नमस्कार करून गेले.

संध्याकाळी मामींच्या मोबाइलवर मुलाचा व्हिडिओ फोन आला. मामींनी मोबाइल मामांच्या तोंडासमोर धरला. माझा मामेभाऊ ब्लँकेट गुंडाळून बसला होता, मागं पडदा, त्याची सकाळ. टक्कल पडायला लागलं होतं. फ्लेक्सवरच्या फोटोशी काही मेळ बसेना.

“बाबा! काय झालं तोंडाला?”

“काही न्हाई. बैलानं जरा चाटलं.”

“पोळा झाला का चांगला? मला काल लक्षातच नव्हतं पोळा आहे म्हणून.”

मी मामांकडे पाहिलं. मामा छताकडे पाहत होते.

“झाला. मान आपलाच ऱ्हायला.”

“बरं झालं. इकडचे कागद अजून अडकलेतच बाबा. आता निघालो तर परत आत घेतील का, सांगता येत नाही म्हणतात. तुम्ही मागं म्हणालात ना, माझ्या यायचा विषय काढू नको म्हणून, तर मी काढत नाही. पण…”

“मंग नको काढू,” मामा म्हणाले. “जेवलास का?”

फोन संपल्यावर मामी मोबाइल पदराला पुसत बसल्या. काच स्वच्छ होती.

“आतल्या खोलीत फोन लावलाच नव्हता ना?” मी विचारलं.

मामा मग म्हणाले, “पंधरा तास म्हणल्यावर काय सांगू लोकायला? म्हैनाभर लागतो म्हणून लिवलं असतं त्या मोबाइलात, तर कोण बोललं असतं? लांब हाय म्हणलं की भागत व्हतं.” पट्टीतून त्यांचा एक डोळा माझ्याकडे वळला. “तुमी शिकल्याल्या लोकायनं जवळ आणून ठिवलं सगळं.”

त्या पानाशी माझा काही संबंध नव्हता, पण वाद घालायला बरगड्या साथ देत नव्हत्या.

दारात खोकल्याचा आवाज झाला. आप्पा उभे होते, डोक्याला टाके, त्यावर फेटा नव्हे, नुसती पट्टी. ते कधीपासून उभे होते कळलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, की पुरेशा वेळापासून. हातात चहाचा थर्मास होता. ते आत आले, मामींकडे न पाहता थर्मास टेबलावर ठेवला, स्टूल ओढलं आणि मामांच्या खाटेच्या कडेला बसले. मामांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

वॉर्डात आमच्या गावचे बरेच लोक होते. दोन खाटांवर धाकट्या घराची माणसं होती, पलीकडे मामांचा गडी. एकमेकांना पडल्या पडल्या खुन्नस देत होते. त्यांना भेटायला आलेले मधल्या जागेत बसून डबे उघडत होते. आप्पांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि मला विचारलं, गरजेपेक्षा बरंच मोठ्याने:

“भाचे, तुमी त्या दिवशी काय सांगायलते? कसं यावं लागतंय तिथून? सगळं सांगा.”

मी सांगितलं. आधी तिथल्याच दुसऱ्या मोठ्या शहराला जायचं. तिथं विमानतळावर बाकावर बसून राहायचं. मग समुद्र ओलांडून युरोपात उतरायचं, परत तपासणी, परत बाकावर. मग दिल्ली. सामान घ्यायचं, दुसऱ्या इमारतीत जायचं, हैदराबादचं विमान धरायचं. तिथून स्टेशन, रेल्वे, परभणी. मग बोरी. मग डांबर संपतं. आणि हे सगळं कागद मोकळे असतील तर. कागद अडकले असतील तर घराच्या दारापासून पहिलं पाऊलच टाकता येत नाही.

“म्हणजे पंधरा तास खोटं?”

“खोटं नाही. पक्ष्याला लागतील.”

“पक्षी न्हाई ना त्यो.” आप्पांनी मधल्या जागेत बसलेल्या आपल्या मुलाकडे पाहिलं. तो दात पडलेल्या जागेत जीभ घालून बसला होता. त्याने मान खाली घातली. मग आप्पा भिंतीकडे तोंड वळवलेल्या मामांना म्हणाले, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं, “दादा, लय लांब हाय मंग ते. आमाला काय ठावं. लय लांब हाय.”

डबे उघडणारे हात थांबले. एका खाटेवरून कुणीतरी “व्हय की, लांबच हाय” असं पुटपुटलं. थोरल्या घरचा होता की धाकट्या, ते मला दिसलं नाही.

मामा हलले नाहीत. तोंडावरच्या पट्टीवरून काही कळेना. आप्पांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतला, फुंकर घातली आणि वाकून त्यांच्या तोंडाजवळ नेला. मामांचे दोन्ही हात कामातून गेले होते. पाय शाबूत होते. चादरीखालून डावा पाय सुटला आणि आप्पांच्या मांडीवर असा बसला की चहा त्यांच्याच धोतरावर सांडला आणि पोटावरचा नारळ घरंगळून खाली पडला.

आप्पा “आयला” म्हणाले, पण उठले नाहीत. धोतर झटकलं, खाटेखाली गेलेला नारळ वाकून काढला आणि टेबलावर ठेवला. मग स्टूल मागं घेतलं. मामांचा पाय कुठवर पोचतो याचा डोळ्याने अंदाज घेतला, आणखी वीतभर मागं सरकले आणि तिथं बसून राहिले.